टेस्ट कुणाला वाचता आली पाहिजे?

गेल्या महिन्यात आमच्या ऑफिसातल्या एका नव्या मुलाने हास्केल या प्रोग्रॅमिंग भाषेसाठी मिळणाऱ्या टेस्टिंग टूल्सची, म्हणजे प्रोग्रॅम बरोबर चालतो का ते तपासणाऱ्या टेस्ट लिहायच्या साधनांची, तुलना करणारी शीट बनवून आणली. मेहनत भरपूर घेतली होती. एचयुनिट, एचस्पेक, टेस्टी, क्विकचेक, स्मॉलचेक, हेजहॉग, डॉकटेस्ट अशी नावं एकाखाली एक. समोर रकाने: शेवटचं रिलीज कधीचं, डॉक्युमेंटेशन कसं आहे, किती प्रोजेक्ट वापरतात, चालायला किती वेळ लागतो. शेवटी गुणांची बेरीज आणि पहिला, दुसरा, तिसरा नंबर. ‘सर, यातलं कुठलं फायनल करू?’ मी म्हटलं, एक रकाना राहिलाय बघ. यात लिहिलेली टेस्ट कुणाला वाचता येईल?

‘आपल्याला,’ तो म्हणाला. ‘अजून कुणी वाचायचीये?’

घोडं पेंड खातं ते इथे. टेस्टिंग टूल निवडणं हा प्रोग्रॅमरांचा घरातला मामला आहे असं आपण पुण्यातल्या सॉफ्टवेअरवाल्यांनी धरून ठेवलंय. क्लायंटला त्यातलं काही कळत नाही आणि त्याने विचारूही नये, अशी समजूत आहे. मला हे मुळातच पटत नाही. ज्या सॉफ्टवेअरवर लोकांच्या ठेवी, घरपट्टीची बिलं, पोरांचे मार्क चालतात, त्याच्या टेस्टमध्ये काय लिहिलंय हे ज्याच्या नियमांवर ते सॉफ्टवेअर चालतं त्याला वाचता आलं पाहिजे. पतसंस्थेचं असेल तर हिशेबनिसाला, कॉलेजचं असेल तर परीक्षा विभागातल्या क्लार्कला. हास्केलसारखी फंक्शनल भाषा (जिच्यात प्रोग्रॅम गणितातल्या फंक्शनांसारखा लिहितात) आणि तिच्यासोबत वाढलेली टूल्स यांनी हे शक्य करून ठेवलंय. निवड करताना याच एका गोष्टीला सगळ्यात जास्त वजन द्यावं असं माझं म्हणणं आहे, आणि ते मी एका फार महागात न पडलेल्या चुकीवरून शिकलो.

लक्ष्मी रस्त्यामागच्या एका पतसंस्थेचं सॉफ्टवेअर आम्ही हास्केलमध्ये लिहिलं. सप्टेंबरात वार्षिक सर्वसाधारण सभा झाली, लाभांश मंजूर झाला, १,८४७ सभासदांच्या खात्यांवर वाटपाची यादी आमच्या प्रोग्रॅमने काढली. मंजूर रक्कम आणि यादीची बेरीज यांत नऊ रुपये बारा पैशांचा फरक आला. आमच्याकडे ४१२ टेस्ट होत्या, सगळ्या हिरव्या, म्हणजे पास. कव्हरेज, म्हणजे टेस्ट चालताना कोडच्या किती ओळी चालल्या ते, ९१ टक्के. मी फोनवर म्हटलं की मॅडम, नऊच रुपये आहेत, उद्या बघतो. संस्थेच्या हिशेबनीस बाई तीस वर्षं किर्द-खतावणी लिहिलेल्या. त्या म्हणाल्या, ‘नऊ रुपये की नऊ लाख हा प्रश्नच नाही हो. ताळा जमत नाही म्हणजे जमत नाही. आमच्या दोन मुली रात्री साडेनऊपर्यंत यादी टिक करत बसल्या होत्या.’

चूक सापडायला दहा मिनिटं लागली. प्रत्येकाच्या वाट्याचा लाभांश काढताना पैशाखालचा अपूर्णांक आम्ही सोडून देत होतो. माणशी सरासरी अर्धा पैसा गेला तरी १,८४७ जणांचे मिळून सव्वानऊ रुपयांच्या आसपास होतात. पण ४१२ टेस्टमधल्या एकीलाही हे दिसलं नाही ते का? कारण त्या आम्ही हाताने लिहिल्या होत्या, आणि माणूस हाताने उदाहरण लिहितो तेव्हा सोयीचे आकडे घेतो. दहा हजार रुपये चौघांत, सहा हजार तिघांत. सगळं बिनबाकीचं. कव्हरेज ९१ टक्के होतं कारण भागाकाराची ती ओळ शंभर वेळा चालली होती. कव्हरेज एवढंच सांगतं की ओळ चालली. कुठल्या आकड्यांवर चालली आणि उत्तर बरोबर आलं का, याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

भाषा आम्ही फंक्शनल घेतली होती. टाइप काटेकोर होते, रुपये आणि पैसे यांचे टाइपच वेगळे असल्यामुळे एकाच्या जागी दुसरं घातलं तर कम्पायलर हात धरायचा. टेस्ट मात्र आम्ही जावामधल्या सवयीने लिहिल्या. एचयुनिट हे जावासाठीच्या जेयुनिटच्या धर्तीवर बेतलेलं टूल: हे दिलं की ते आलं पाहिजे, एवढंच सांगायचं. टूल चांगलं आहे, आजही वापरतो. पण त्याच्यात ‘कुणालाही कितीही वाटा, बेरीज तेवढीच राहिली पाहिजे’ हे वाक्य लिहायला जागा नाही. आणि मॅडमच्या डोक्यात जे असतं ते नेमकं असंच वाक्य असतं. त्यांना दहा हजार भागिले चार काय येतं हे तपासायचंच नसतं. त्यांना ताळा हवा असतो.

ताळ्याचं वाक्य जसंच्या तसं लिहिता येईल असं टूल २००० सालापासून आहे. स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या चाल्मर्स विद्यापीठात कून क्लासेन आणि जॉन ह्यूज यांनी क्विकचेक लिहिलं, तेही हास्केलसाठीच. मूळ टूल जेमतेम तीनशे ओळींचं. तुम्ही नियम लिहायचा, टूल आपण होऊन वाटेल तसली उदाहरणं तयार करतं, सांगितलं नाही तर शंभर, आणि प्रत्येकावर नियम टिकतो का ते पाहतं. हास्केलमध्ये हे इतकं सहज बसतं याला कारण आहे. शुद्ध फंक्शन तेच दिलं की तेच परत देतं, डेटाबेसला हात लावत नाही, मागच्या वेळी काय झालं ते लक्षात ठेवत नाही. त्यामुळे ते शंभरदा काय, लाखदा चालवलं तरी काही सांडत नाही. ही सोय असताना ती न वापरता फंक्शनल भाषेत काम करणं म्हणजे विहीर खणून बादली न आणणं.

आम्ही तो नियम लिहिला. तो पडला. सापडलेलं उदाहरण अगदी किचाट होतं: सतरा सभासद, कुणाकडे त्र्याण्णव शेअर, कुणाकडे दोन, कुणाकडे शून्य. ते पाहून कुणाला काय कळणार? पण क्विकचेक तिथे थांबत नाही. चुकीचं उदाहरण सापडलं की ते लहान करत जातं. एक सभासद कमी करून बघ, अजून पडतं का? शेअर कमी करून बघ, रक्कम कमी करून बघ. असं करत शेवटी पडद्यावर उरलं ते इतकंच: सभासद दोन, प्रत्येकी एक शेअर, वाटायची रक्कम एक पैसा.

हे मी मॅडमना जसंच्या तसं वाचून दाखवलं. त्या लगेच म्हणाल्या, ‘बरोबर आहे, एक पैसा दोघांत कसा वाटणार? मग तो पैसा कुठे टाकताय तुम्ही?’ मी सांगायला लागलो की ज्याचा अपूर्णांक सगळ्यात मोठा त्याला देऊ, तशी एक पद्धत असते. त्यांनी मला तिथेच थांबवलं. ‘उरलेले पैसे कुणाच्या खात्यावर टाकायचे हे तुम्ही कोण ठरवणार? ते संचालक मंडळ ठरवेल.’

त्या वाक्यानंतर मी टेस्टिंगकडे वेगळ्या नजरेने पाहायला लागलो. आमच्या कोडमध्ये तो निर्णय आधीच झालेला होता. कुणीतरी, बहुधा मीच, भागाकार लिहिताना नकळत ठरवलं होतं की उरलेला पैसा हवेत जाईल. सभासदांच्या पैशाबद्दलचा निर्णय एका प्रोग्रॅमरने कीबोर्डवर घेतला आणि तो कुणाला वाचताही येत नव्हता. असले निर्णय प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये शेकड्याने असतात. त्यातला एखादा उघडा पडून योग्य माणसापुढे जातो तो वाचता येण्याजोग्या उदाहरणामुळे. म्हणून उदाहरण लहान करून देण्याची ताकद ही माझ्या लेखी टूलची जादाची सोय नाही, निवडीचा पहिला निकष आहे. तुलनेच्या शीटमध्ये ती ‘इतर’ या रकान्यात होती.

आता क्विकचेक आणि हेजहॉग हे त्याच जातीचं दुसरं टूल यांतलं काय घ्यावं यावर थोडं सविस्तर लिहितो, कारण हाच भाग लोक घाईत उरकतात.

कोड दुरुस्त झालं, टेस्ट हिरवी झाली, मी मॅडमना कळवलं. त्यांनी विचारलं, ‘किती रकमेपर्यंत तपासलंत?’ मी म्हणणार होतो, कितीही. मग तयार झालेली उदाहरणं छापून पाहिली. क्विकचेकला साधा पूर्णांक मागितला आणि दुसरं काही सांगितलं नाही, तर तो उणे शंभर ते शंभर एवढ्यातलाच देतो. उदाहरणांचा आकार हळूहळू वाढत शंभरावर थांबतो, आणि पूर्णांकाची मर्यादा त्या आकाराला बांधलेली असते. आमच्या रकमा पैशांत. म्हणजे शंभर उदाहरणं घेऊन आम्ही लाभांशाचं वाटप जास्तीत जास्त एक रुपयापर्यंत तपासलं होतं. संस्थेचा लाभांश लाखांत आहे.

क्विकचेकवाले म्हणतील की हा टूलचा दोष नाही, मर्यादा हाताने देता येते. खरंच येते. पण क्विकचेकमध्ये प्रत्येक टाइपला एक ठरलेलं जननयंत्र, म्हणजे उदाहरणं तयार करणारा भाग, चिकटलेलं असतं आणि गप्प बसलात तर तेच वापरलं जातं. हेजहॉगमध्ये तसं ठरलेलं काही नाही. रक्कम हवी तर कुठून कुठपर्यंत ते लिहावंच लागतं. आमच्या टेस्टमध्ये आता ‘एक पैसा ते पाच कोटी रुपये’ असं स्वच्छ लिहिलेलं आहे आणि ते पाच कोटी मॅडमनी सांगितलेले आहेत. शिवाय हेजहॉगमध्ये उदाहरण लहान करण्याची रीत जननयंत्रातच विणलेली असते, त्यामुळे लहान केलेलं उदाहरण तुमची मर्यादा मोडत नाही. क्विकचेकमध्ये लहान करण्याचं फंक्शन वेगळं लिहावं लागतं, आणि तिथे ढिलाई झाली की टूल तुमच्यापुढे उणे तीन शेअरचा सभासद आणून उभा करतं. असला सभासद मॅडमना दाखवला की पुढच्या वेळी त्या तुमचं उदाहरण गांभीर्याने बघणार नाहीत.

म्हणून पैशाच्या कामात नवीन सुरुवात असेल तर मी हेजहॉग घेईन. ज्यांच्याकडे क्विकचेकच्या शेकडो टेस्ट आधीच आहेत त्यांनी टूल बदलायच्या फंदात पडू नये. त्यांनी एवढंच करावं की ठरलेल्या जननयंत्रांवर विसंबणं बंद करून मर्यादा हाताने लिहाव्यात. क्विकचेकला वय आहे, त्याच्याभोवती लिहिलं गेलेलं साहित्यही जास्त आहे, याला किंमत आहेच.

दोन्ही टूल्सना एक गोष्ट लागू पडते. आंधळेपणाने उचललेली उदाहरणं मोक्याच्या जागी जातीलच असं नाही. मुदतठेवीच्या व्याजाला २९ फेब्रुवारी त्रास देते हे पतसंस्थेतल्या शिपायालाही माहीत असतं. चार वर्षांच्या १,४६१ दिवसांत ती तारीख एकदा येते. शंभर तारखा कशाही उचलल्या तर त्यात ती येण्याची शक्यता सात टक्क्यांहून कमी. म्हणजे टेस्ट हिरवी दिसते आणि जी तारीख तपासायची ती शिवलेलीसुद्धा नसते. याला उपाय दोन्हीकडे आहे: अमुक तारखांना जास्त वजन द्या, आणि किती टक्के उदाहरणं कुठल्या प्रकारची निघाली ते छापून घ्या. फेब्रुवारीअखेरच्या, ३१ मार्चच्या, सुट्टीच्या दिवशी मुदत संपणाऱ्या. ही टक्केवारी आम्ही प्रत्येक रिलीजला मॅडमना पाठवतो. कव्हरेजच्या ९१ टक्क्यांपेक्षा ती त्यांना लगेच कळते, कारण ते प्रकार त्यांच्याच रोजच्या बोलण्यातले आहेत.

अशा नियमांतून आणखी एक गोष्ट निघाली जी आमच्यापैकी कुणाच्या स्वप्नातही नव्हती. पतसंस्थेत व्याज रुपयात पूर्ण करायचा प्रघात साधा आहे, पन्नास पैसे किंवा वर असेल तर पुढचा रुपया. हास्केलचं राउंड फंक्शन तसं करत नाही. भाषेच्या मानकातच लिहिलंय की बरोबर अर्ध्यावर आलं तर जवळच्या सम संख्येकडे जायचं. साडेतीनचे चार होतात, पण अडीचचे दोनच. मोठ्या बेरजांत चूक एका बाजूला साठू नये म्हणून ही पद्धत आहे आणि तिच्या जागी ती योग्यच आहे. पण ज्या ठेवीदाराला अडीच रुपयांचे तीन मिळायला हवेत त्याला दोन मिळाले तर तो काउंटरवर येऊन मॅडमना विचारणार. ‘पन्नास पैशांना नेहमी वरचा रुपया’ हे वाक्य मॅडमनी सांगितलं, आम्ही नियम म्हणून लिहिलं, उदाहरणं मुद्दाम अर्ध्यावर पडतील अशी बनवली, आणि टूलने पहिल्या दहाबारातच अडीच रुपये काढून दाखवले. ही चूक आमच्या कोडमध्ये दीड वर्ष होती.

बाकी टूल्सबद्दल थोडक्यात. टेस्टी की एचस्पेक यावर लोक तासन्‌तास बोलतात आणि तो वेळ वाया जातो. दोन्ही वर सांगितलेल्या प्रकारच्या टेस्ट चालवतात. आम्ही टेस्टी घेतलं, कारण एचयुनिटची उदाहरणं, हेजहॉगचे नियम, स्मॉलचेक, सगळं एका झाडाखाली येतं. एचस्पेक घेतलं असतं तरी बिघडलं नसतं. स्मॉलचेक आंधळी उदाहरणं न घेता ठरावीक खोलीपर्यंतची सगळीच्या सगळी तपासतं. खात्याची अवस्था चालू, गोठवलेलं, बंद अशी मोजकी असेल तिथे ते उत्तम. पासबुकाच्या छपाईसाठी जतन केलेल्या प्रतीशी तुलना करणारी गोल्डन टेस्ट. फक्त ती पडल्यावर ‘नवीन प्रत मान्य’ हे बटण कुणी दाबायचं ते ठरवून ठेवा. आमच्याकडे ते छापील पान मॅडमनी पाहिल्याशिवाय दाबत नाही.

आणि टेस्टची नावं मराठीत लिहा. ‘लाभांश वाटपाची बेरीज मंजूर रकमेइतकी’ असं नाव हास्केलच्या स्ट्रिंगमध्ये देवनागरीत सरळ लिहिता येतं. आमच्याकडे पहिल्याच दिवशी बिल्ड सर्व्हरवर त्या नावापाशी ‘इनव्हॅलिड कॅरेक्टर’ म्हणून सगळा रन कोसळला, तेव्हा दोघेजण म्हणाले, बघा, म्हणून इंग्रजीच बरं. सर्व्हरचं एन्कोडिंग यूटीएफ-८ (ज्यात देवनागरी अक्षरं बसतात) केलं, एका ओळीचं काम होतं. आता रिपोर्ट निघतो तो तसाच प्रिंट करून पतसंस्थेच्या फायलीत लागतो.

यावर जे आक्षेप मी ऐकतो ते हलके नाहीत. पहिला हा की नियम सुचत नाहीत. उदाहरण कुणीही लिहील, नियम लिहायला डोकं लागतं. खरं आहे, सुरुवातीला अडतं. पण व्यवहारात नियम अगोदरच लिहून ठेवलेले असतात, फक्त ते आपण वाचलेले नसतात. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० काढून बघा. कलम ६६: निव्वळ नफ्याचा किमान चौथा हिस्सा राखीव निधीत. कलम ६७: लाभांश सर्वसाधारणपणे १५ टक्क्यांहून जास्त नाही. ही दोन्ही वाक्यं कुठल्याही नफ्याला, कुठल्याही संस्थेला लागू होतात. कायदा उदाहरणांच्या भाषेत बोलतच नाही, तो नियमांच्या भाषेत बोलतो. पोटनियमही तसेच. जिथे कायदा नसतो तिथे दुसऱ्या वाटा आहेत: साठवलेलं परत वाचलं तर तेच मिळालं पाहिजे, वेगवान पण गुंतागुंतीचा हिशेब आणि शाळेतल्या पद्धतीने केलेला संथ हिशेब यांचं उत्तर एक आलं पाहिजे, ठेव वाढली तर व्याज कमी होता कामा नये.

दुसरा आक्षेप असा की अशा टेस्ट आज हिरव्या, उद्या लाल होतात. रिलीजच्या आदल्या रात्री एखादी अचानक पडली तर काय करायचं? मला याची भीती कळते, मी त्यातून गेलोय. पण जी टेस्ट उद्या लाल झाली तिने एक खरी चूक दाखवलेली असते. ती कालही होतीच. टूल पडलेल्या उदाहरणाचं बीज, म्हणजे ज्या आकड्यापासून ते तयार झालं तो आकडा, छापतं, ते परत दिलं की तेच उदाहरण पुन्हा निघतं. आम्ही असं प्रत्येक उदाहरण एचयुनिटमध्ये कायमचं नोंदवतो. त्या यादीत आज ३८ उदाहरणं आहेत आणि त्यातलं एकही आम्ही स्वतः बसून सुचवू शकलो नसतो.

तिसरा आक्षेप मॅनेजरांचा: पुण्यात हास्केल येणारी माणसं मिळत नाहीत, त्यात हे आणखी एक. पण ही पद्धत एका भाषेला बांधलेली राहिलेली नाही. एर्लांगमध्ये प्रॉपर, स्कालात स्कालाचेक, एफ शार्पमध्ये एफएसचेक, पायथनमध्ये हायपोथेसिस, जावात जेक्विक. नियम लिहायला शिकलेला मुलगा कुठेही गेला तरी ते त्याच्या कामाला येतं. आणि माणसं मिळत नाहीत म्हणताना आपण आपल्याच गावचा इतिहास विसरतो. नव्वदच्या दशकात पुणे विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागात गोफर ही हास्केलच्या कुळातली भाषा शिकवली जायची आणि ‘पुगोफर’ म्हणून तिची खास पुणे विद्यापीठाची आवृत्तीही होती. आज शहरात टेस्टिंगचे क्लास ढिगाने आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकांत बटण दाबण्याचं स्क्रिप्ट कसं लिहायचं एवढंच शिकवतात. ‘या प्रोग्रॅमबद्दल नेहमी खरं असलं पाहिजे असं एक वाक्य लिहा’ हा स्वाध्याय पहिल्या दिवशी दिला तर पोरं करतील. मी मुलाखतीत हाच प्रश्न विचारतो. कॉमर्सकडून आलेली मुलं पुष्कळदा इंजिनियरांपेक्षा चांगलं उत्तर देतात, कारण त्यांना ताळा म्हणजे काय ते माहीत असतं.

हे फक्त छोट्या संस्थांचं आहे असं कुणाला वाटत असेल तर मोटारींचं उदाहरण घ्या. जॉन ह्यूज आणि थॉमस आर्ट्‌स यांनी २००६ मध्ये काढलेल्या क्विविक कंपनीने व्होल्वोसाठी गाडीतल्या सॉफ्टवेअरच्या तपासणीचं काम केलं. ऑटोसार या मानकाची सुमारे ३,००० पानं वाचून त्यांचे नियम लिहिले आणि सहा पुरवठादारांचं सी मधलं कोड त्या नियमांवर घासून पाहिलं. दोनशेहून अधिक दोष निघाले. त्यातले शंभरहून अधिक कोडमध्ये नव्हतेच, ते मानकात होते: दोन कलमं एकमेकांशी जुळत नव्हती, किंवा एका वाक्याचे दोन अर्थ निघत होते. चाकण-पिंपरीच्या पट्ट्यात याच मानकावर काम करणारे इंजिनियर भरपूर आहेत, त्यांना यातलं मर्म मी सांगायला नको. आमच्या नऊ रुपये बारा पैशांचंही मूळ तिथेच होतं. उरलेल्या पैशाचं काय करायचं ते कुठल्याच ठरावात नव्हतं.

म्हणून माझी मागणी प्रोग्रॅमरांइतकीच सॉफ्टवेअर विकत घेणाऱ्यांकडेही आहे. मी पाहिलेल्या करारांत ‘टेस्ट केसेस: किमान ५००’, ‘कव्हरेज: ८० टक्के’ अशा अटी असतात. या अटी पुरवठादाराला हव्याच असतात, कारण त्या पुऱ्या करायला काहीच लागत नाही. आमच्या ४१२ टेस्ट आणि ९१ टक्क्यांनी त्या दोन्हींच्या आसपास पोचून दाखवलंच होतं. त्याऐवजी संस्थेने, महापालिकेने, विद्यापीठाने कराराला एक जोडपत्र लावावं. त्यात आपल्या मराठीत नियम लिहावेत, प्रत्येक नियमापुढे रकमेची आणि तारखांची मर्यादा लिहावी, ज्याचा तो विषय आहे त्या कर्मचाऱ्याची सही घ्यावी, आणि त्यातला प्रत्येक नियम टेस्टच्या रिपोर्टात त्याच शब्दांत दिसला पाहिजे अशी अट घालावी. टूलचं नाव घालायची गरज नाही. ही अट घातली की ज्या टूलमध्ये नियम लिहिताच येत नाही ते आपोआप बाद होतं. पैसे जनतेचे असतील तर तो रिपोर्टही जनतेला पाहायला मिळावा. घरपट्टीच्या बिलात सवलत आधी वजा होते की दंड आधी लागतो, हे कुठल्या तरी कोडमध्ये आज ठरलेलं आहे, आणि ते वाचण्याचा हक्क बिल भरणाऱ्याला आहे.

त्या नव्या मुलाला मी शीट परत दिली आणि शनिवारी माझ्यासोबत पतसंस्थेत चल म्हटलं. आमच्याकडे आता २६ नियमांची यादी आहे, दोन फुलस्केप कागद, मॅडमच्या अक्षरात दुरुस्त्या केलेले. २३ नियमांसमोर सही आहे. तिघांसमोर त्यांनी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह केलंय. त्यातला एक २९ फेब्रुवारीला ठेवलेल्या एका वर्षाच्या ठेवीचा: मुदत २८ फेब्रुवारीला संपली धरायची की १ मार्चला. त्या म्हणाल्या, जुन्या वह्यांत दोन्ही तऱ्हा सापडतात, काढून ठेवते. या तीन नियमांच्या टेस्ट आम्ही अजून लिहिलेल्या नाहीत. साडेचारनंतर या म्हणाल्यात, काउंटर बंद झाल्यावर.